विष नेमकं कुठे असतं? सुबाभूळ आणि जनावराच्या पोटाचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसानं गाईच्या पोटात कशाला डोकवायचं, असं काहींना वाटेल. पण 'कारण' म्हणजे काय, हा आमचा जुना प्रश्न तिथे फार स्वच्छ दिसतो. म्हणून आज ही गोष्ट.

सुबाभूळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. सत्तरच्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या 'बायफ' संस्थेनं आपल्याकडे तिचा मोठा प्रसार केला. भराभर वाढणारी, पाल्यात भरपूर प्रथिनं. आमच्याही बांधावर रांग लागली. जाणते सांगत, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. का, ते आम्ही विचारलं नाही. शेजारच्या टांगेवाल्याच्या घोड्याची आयाळ झडली तेव्हा त्यानं दृष्ट काढली आणि आम्ही शिकलेले लोक हसलो. कारण मात्र आम्हालाही ठाऊक नव्हतं.

कारण होतं मिमोसिन, सुबाभळीतलं एक विषारी अमिनो आम्ल. घोडा रवंथ करत नाही, त्याला त्याचा तडाखा थेट बसतो. गाय-शेळीचं तसं नाही. त्यांच्या कोटीपोटात अब्जावधी जिवाणू चारा आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर जनावर जगतं. जसा चारा तशी तिथली वस्ती. कडब्यावरची गाय एकदम धान्याच्या राशीत शिरली, तर लॅक्टिक आम्ल वाढून दगावू शकते. चारा हळूहळू बदलावा, हे शहाणपण त्यातूनच आलं.

कोटीपोटात मिमोसिनचं रूपांतर 'डीएचपी' नावाच्या पदार्थात होतं. पण तोही निरुपद्रवी नाही, थायरॉइडचं काम बिघडवतो. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर पोसलेल्या गुरांना गलगंड होई, केस गळत, वजन वाढेना. हवाई बेटांवर मात्र तेच झाड खाऊन जनावरं ठणठणीत! झाड तेच, गुरं तीच, मग फरक कुठला?

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेतल्या रेमंड जोन्स यांनी 1981 मध्ये सुचवलं की फरक पोटातल्या जिवाणूंचा असावा. मग हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले, आणि डीएचपी मोडू लागलं. या यशाचा अहवाल 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. एका जनावरातून हे जिवाणू कळपातल्या इतरांपर्यंतही पोचले. 1992 मध्ये त्यांतल्या एका जिवाणूला जोन्स यांच्या सन्मानार्थ 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' हे नाव मिळालं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोंडस होईल. इतिहास मात्र इथे थांबला नाही. पुढे डीएनएच्या चाचण्या आल्या, तेव्हा हा जिवाणू किंवा त्याचे भाईबंद अनेक देशांतल्या गुरांत थोड्या संख्येनं आढळले. शिवाय जनावराचं यकृतही डीएचपीला दुसऱ्या रेणूंशी बांधून बरंचसं निर्धोक करतं, हे लक्षात आलं. म्हणजे एकाच जिवाणूला सगळं श्रेय देणं घाईचं होतं. जोन्स यांचा प्रश्न मात्र खोटा ठरत नाही. उत्तर अधिक गुंतागुंतीचं निघालं, इतकंच.

मग विष कुठे असतं? झाडात? अर्धं उत्तर. पोटात? तेही अर्धंच. ते असतं झाड, जिवाणू, यकृत आणि चाऱ्यातलं प्रमाण यांच्या नात्यात. 'तिसऱ्या हिश्शाच्या आत' सांगणाऱ्या जाणत्यांना हे नातं सिद्धांत म्हणून माहीत नव्हतं, पण व्यवहारात त्यांनी ते पाळलं. आपण बहुधा एकच आरोपी शोधतो, कारण त्याला शिक्षा करणं सोपं असतं. आम्हीही टांगेवाल्याला हसलो, तेव्हा अज्ञान फक्त त्याचंच आहे असं धरून चाललो होतो. ती चूक आज या व्याख्यानात कबूल करतो.