मिल्टन झेक बोलू लागला तेव्हा

१/५
१६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा पराभव झाला. पुढे हॅब्सबर्ग अमलात राज्यकारभारात आणि विद्याव्यवहारात जर्मनचे वर्चस्व वाढत गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस झेक ही प्रामुख्याने खेडुतांची बोली मानली जाऊ लागली.

२/५
अशा भाषेला महाकाव्य पेलवेल काय? लितोमेर्झित्से येथील शिक्षक योसेफ युंगमान यांनी उत्तरादाखल मिल्टनचे इंग्रजी महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ झेकमध्ये आणले. हा अनुवाद १८११ मध्ये प्रसिद्ध झाला.

३/५
खरी अडचण शब्दांची होती. मिल्टनच्या भारदस्त शब्दकळेला तोलामोलाचे शब्द रोजच्या झेकमध्ये पुरेसे नव्हते. युंगमान यांनी जुन्या ग्रंथांतील विस्मृत शब्द पुन्हा वापरात आणले, पोलिश व रशियन या भगिनीभाषांतून काही घेतले, काही स्वतः घडवले.

४/५
हीच वाट त्यांच्या पिढीने चोखाळली. हवेसाठी ‘व्झ्दुख’ आणि निसर्गासाठी ‘पर्शिरोदा’ हे शब्द रशियनमधून आले. युंगमान यांचा पाच खंडांचा झेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ या काळात प्रकाशित झाला.

५/५
आज ‘व्झ्दुख’ म्हणताना कोणाही झेक माणसाला तो शब्द परका वाटत नाही. उसना शब्द घरचा झाला, यातच त्या अनुवादकांचे यश आहे.