कांडण, दळण आणि दुसरा हात

मराठी ओवीच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याचे नाव निघतेच. 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या त्याच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११२९ चा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते, राज्यपुनर्रचनेनंतर कर्नाटकात गेले. आमच्या वर्गांतून हा उल्लेख छंदाचे वय ठरविण्यापुरता येतो आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते. वास्तविक सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका साध्या दिवसाची ती नोंद आहे, आणि अशा नोंदी आपल्या इतिहासात फार थोड्या आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा उल्लेख जात्यावरील ओवीचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. मूळ शब्द मात्र कांडणाचा आहे, दळणाचा नव्हे. भेद क्षुल्लक वाटेल. पण उखळ आणि जाते यांची लय निराळी. उखळाशी दोघी उभ्या राहिल्या म्हणजे एकीचे मुसळ वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळायचे. गाणे तेथे करमणुकीसाठी नसते. ते हात सांभाळते. जात्याची गती अखंड, वर्तुळाकार. तेथे गाण्याला विसावा घेत घेत लांबता येते. सोमेश्वराने ऐकली ती ओवी यांपैकी पहिल्या कामाची होती, हे विसरून चालणार नाही.

आता त्याच ग्रंथाचे दुसरे पान उलगडावे. 'अन्नभोग' या प्रकरणात राजाच्या ताटातील पदार्थ कृतीसह दिले आहेत. त्यांत मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे. पोलिका आहे, घारिका आहे, आणि दक्षिणेकडील इडरिकाही आहे. मांड्यांसाठी गहू धुवावा, उन्हात वाळवावा, घरट्टाने म्हणजे जात्याने दळावा, चाळणीने चाळावा, असा क्रम आहे. जाते आहे, चाळणी आहे. जाते फिरविणारा हात तेवढा नाही. कांडणाऱ्या स्त्रिया येतात त्या पुढे, गीताच्या प्रकरणात. एकाच ग्रंथात अन्न एकीकडे आणि ते अन्न सिद्ध करणारीचे गाणे दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. राजाला दोष देण्याचे कारण नाही. राजाने गाणे ऐकले आणि लिहून ठेवले, हेच पुष्कळ झाले. पण पुढील अभ्यासकांनीही ही दोन प्रकरणे क्वचितच जोडून वाचली.

जोडून वाचावयाची तर साधनाकडे पाहावे लागते. जात्याची खालची तळी स्थिर, वरची फिरती. मधल्या तोंडात मुठीने वैरण घालावयाची आणि खुंट्याला धरून ओढावयाचे. एकटीनेही दळता येते, नाही असे नाही. परंतु एकटीला अर्धे वर्तुळ ओढावे लागते आणि अर्धे ढकलावे लागते. खांदा भरून येतो तो ढकलण्याने. समोर दुसरी बसली की दोघींनीही आपापले अर्धे ओढावयाचे. म्हणजे ही सोबत केवळ हौसेची नव्हे, तिची गरज त्या दगडातच होती. घरात जाऊ किंवा नणंद असेल तर ती बसे. नसेल तर शेजारीण येई, आणि आज तुझे तर उद्या माझे, अशी सावड चाले. गडणी, साजणी, शेजी हे ओव्यांतले शब्द या बैठकीतले आहेत. सासरी आलेल्या मुलीला माहेराविषयी मोकळेपणी बोलता येईल अशी दिवसातली दुसरी वेळ कोणती होती? घर निजलेले, दाराशी अंधार, आणि बोललेले दगडाच्या घरघरीत बुडून जाणारे.

गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग या दृष्टीने पुन्हा वाचावेत. विठ्ठल तिला दळू लागतो, कांडू लागतो, या कल्पनेचा अर्थ आपण भक्तवत्सलतेच्या दिशेने लावतो; तो खराच आहे. पण जी दासी आहे आणि जिच्या समोर बसावयास कोणी नाही, तिने देवाला नेमके खुंट्याच्या दुसऱ्या बाजूस बसविले, हे जाते ओढलेल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. तिने देवापाशी सिंहासन मागितले नाही, अर्धे वर्तुळ मागितले.

हे काम रोजचे का, याचेही उत्तर स्वयंपाकातच आहे. बिदर, कलबुर्गी, धाराशिव, सोलापूर हा सारा ज्वारीचा मुलूख. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते; बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट लागते. पुढे आठवडाभराचे दळून ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा पहाटे दळण, उजाडता काथवटीत पीठ मळणे, तव्यावर भाकरी, मग ती फडक्यात बांधून शेतावर, असा तो दिवस होता, आणि दुसरा दिवसही तसाच.

स्वातंत्र्याच्या आगेमागे तेलाच्या इंजिनावरील पिठाची गिरणी बाजाराच्या गावी आली, विजेबरोबर ती लहान गावांतही पोहोचली. तिच्याविषयी हळहळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. हे कष्ट किती जिवावरचे होते ते ओव्याच सांगतात, आणि ज्यांनी दळले त्या बायांनी गिरणीचे स्वागतच केले. गेली ती पहाटेची ती वेळ. लग्नात घाणा भरताना अजून सुवासिनी एकत्र मुसळाला हात लावतात. उपयोग संपल्यावर रीत तेवढी उरली.

ओव्यांच्या संग्रहाचे काम आपल्याकडे मोठे झाले. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आले, कमलाबाई देशपांडे यांचे 'अपौरुषेय वाङ्मय' १९४८ साली आले. (वेदांचे विशेषण बायकांच्या गाण्यांना शब्दशः लागू करणारे हे नाव आम्हांस फार आवडते.) पुढे गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणारीचे नाव व गाव यांची नोंद ठेवली. जुन्या संग्रहांत ओव्या विषयवार लावलेल्या असत, गाणारी अज्ञातच राही. त्या मानाने हे पाऊल फार मोलाचे.

तरी एक उणीव राहते. ओवी एकीने उचलावी आणि दुसरीने सुरात सूर मिळवून तीच ओळ घोळवावी, किंवा तिला उत्तर द्यावे, ही रीत होती. कागदावर उतरताना त्या दोन गळ्यांचे एक गाणे होते आणि बहुधा एकच नाव उरते. सीमाभागात व मराठवाड्यात जाते ओढलेल्या वृद्धा अद्याप आहेत. आमच्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे धाडावे. ओवी लिहून घ्यावीच. परंतु समोर कोण बसत असे, ती कोणत्या घरची, तिचे पुढे काय झाले, हे अवश्य विचारावे आणि ते नाव गाणारीच्या नावाशेजारी त्याच ओळीत लिहावे.