अलेक्झांड्रिया आणि तगर

मोठ्या बंदरांचे इतिहास बहुधा समुद्राकडे तोंड करून लिहिलेले असतात. जहाजें, धक्के, दीपगृहें, नाना देशांचे व्यापारी यांच्या वर्णनांत वाचक रमून जातो. परंतु जहाजांत भरलेला माल कोठून आला आणि तो कोणाच्या हातांनीं घडला, हा प्रश्न मागेंच राहतो. भूमध्य समुद्राच्या कांठावरील अलेक्झांड्रिया हें याचें उत्तम उदाहरण होय. या नगरीच्या वैभवाचा एक धागा सोलापुराच्या उत्तरेस, तेरणा नदीच्या तीरावर विणला जात होता, असें म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल.

शिकंदरानें इ. स. पूर्वी ३३१ मध्यें नाईलच्या मुखाजवळ हें शहर वसविलें. पुढें टॉलेमी राजांच्या आश्रयानें तेथें प्रसिद्ध ग्रंथसंग्रहालय उभें राहिलें. एराटॉस्थेनीसनें पृथ्वीचा परीघ मोजण्याचा प्रयत्न केला तो येथेंच राहून. फारोस बेटावरील दीपगृहाची गणना तर जगाच्या सात आश्चर्यांत झाली. ग्रीक, इजिप्शियन आणि यहुदी लोकांच्या या वस्तींत परदेशी पाहुण्यांचीही वर्दळ असे. डायो क्रिसोस्टम या वक्त्यानें अलेक्झांड्रियाकरांपुढें केलेल्या भाषणांत तेथें जमलेल्या हिंदी लोकांचाही उल्लेख आहे. इ. स. पूर्वी ३० मध्यें इजिप्त रोमच्या ताब्यांत गेलें. धान्य, कागदासारखा उपयोगीं पडणारा पपायरस, कांच आणि तागाचें वस्त्र हे या शहराचे आपले व्यवसाय होतेच; पण त्याची पेटी खरी भरली ती पूर्वेकडील मालानें.

हा माल येण्याची वाट सोपी नव्हती. अलेक्झांड्रियाहून नाईलमधून कॉप्टॉसपर्यंत नावेनें जावें, तेथून उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायॉस हॉर्मॉस गांठावें, आणि जुलैच्या सुमारास शिडें उभारून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या आधारें हिंदुस्थानाकडे निघावें, असा क्रम होता. एकट्या मायॉस हॉर्मॉसहून वर्षास १२० जहाजें निघत, असें भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. परत आलेल्या मालावर सरकार चतुर्थांश जकात घेई. इतकी जकात भरूनही व्यापाऱ्यास नफा उरत असे, यावरून मूळ माल कोणत्या भावानें घेतला जात असेल याची कल्पना करावी! हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इजिप्तमधील एका ग्रीकभाषी दर्यावर्द्यानें या प्रवासाची माहिती लिहून ठेविली. त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं; ग्रंथ मात्र ‘पेरिप्लस’ या नांवानें सर्वत्र ओळखला जातो. दक्षिणापथांतील दोनच पेठा तो विशेष मानतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. हें तगर फार मोठें शहर असल्याचें तो नमूद करतो. पैठणहून अकीक जातीचे खडे, तर तगराहून जाडेंभरडें कापड, नाना प्रकारची मलमल आणि रंगीत वस्त्रें गाड्यांवर लादून, बिकट मुलखांतून भडोचला येत.

येथें एक शंका सहज येते. कल्याण इतकें जवळ असतां हा माल भडोचपर्यंत वाहून नेण्याचें कारण काय? कारण राजकीय आहे. त्या काळीं शक आणि सातवाहन यांच्यांत पश्चिम किनाऱ्यासाठीं झुंज चालू होती. कल्याणास येणाऱ्या ग्रीक जहाजांस पहाऱ्यांत भडोचकडे नेलें जाण्याचा धोका असे, हें पेरिप्लसकारच सांगतो. राजे भांडले आणि विणकराच्या कापडास लांबची वाट धरावी लागली. व्यापाराचा मार्ग भूगोल ठरवितो खरा, पण त्यावरील नाकीं राज्यकर्ते ठरवितात.

हें तगर म्हणजे कोणतें गांव, याविषयीं विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला. कोणी देवगिरी म्हटलें, कोणी जुन्नर, तर भांडारकरांनीं धारूर सुचविलें. १९०१ मध्यें फ्लीट यांनीं तें तेर होय असें दाखविलें, व तेंच मत आज मान्य आहे. तेर आतां धाराशिव जिल्ह्यांत आहे. तेथील त्रिविक्रमाचें मंदिर हा मूळचा विटांचा चैत्य. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तु आयुष्यभर जमविल्या, म्हणून आज त्या तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहून इटलींतील पाँपेई येथें १९३८ मध्यें सांपडलेल्या हिंदी हस्तिदंती मूर्तीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पाँपेई इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां दक्षिणापथाचें हस्तकौशल्य त्यापूर्वींच इटलींतील घरांत पोंचलें असावें. उलट दिशेनें आलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडींत मिळाली. बेरेनिकेच्या उत्खननांत तर हिंदी सुती कापडाचे तुकडे आणि अलीकडे एक संगमरवरी बुद्धमूर्तिही निघाली आहे.

पण विणकरांचें काय? त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत. त्यांच्या व्यवहाराचा मात्र एक दाखला नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंसाठीं गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० व दुसरीकडे १००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. व्याज दरमहा शेंकडा एक व पाऊण असें ठरलें. राजाचा जांवई आपली धर्मादाय रक्कम विणकरांच्या संघाकडे बिनघोर ठेवतो, यावरून त्या संघांची पत दिसून येते. तेरच्या कापडामागेंही अशीच संघटित कारागिरी असावी, असें आमचें अनुमान आहे.

तिसऱ्या शतकांत रोमची सत्ता डळमळली आणि या व्यापारास ओहोटी लागली. तेरचें नांव मात्र टिकून राहिलें. शिलाहार राजे कोंकणांत व कोल्हापुरांत राज्य करूनही स्वतःस अभिमानानें ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पुढें गोरोबा कुंभारांच्या समाधीनें गांव पावन झालें. तरी जुनी पेठ पुन्हां उभी राहिली नाहीं. अलेक्झांड्रियाही एकदां अशीच खालावली होती. १७९८ मध्यें नेपोलियन तेथें उतरला तेव्हां वस्ती कांहीं हजारांचीच होती. परंतु १८२० चा महमुदिया कालवा आणि इजिप्तचा कापूस यांच्या बळावर तें शहर पुन्हां वर आलें. अमेरिकन यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तेव्हां त्याचा लाभ मुंबईप्रमाणेंच अलेक्झांड्रियासही झाला.

एक उठलें आणि दुसरें उठलें नाहीं, याचें मर्म आमच्या मतें असें. बंदराचें भांडवल त्याची जागा. ती कोणी उचलून नेऊं शकत नाहीं. विणकरांच्या गांवाचें भांडवल म्हणजे त्याचे हात. मागणी आटली कीं हात दुसरीकडे जातात, आणि मागें पांढरीचीं टेकाडें उरतात.

सोलापूरकरांस हा विचार परका वाटूं नये. आपलें शहरही समुद्रापासून दूर, आणि तेंही कापडावर वाढलें. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं येथें माग मांडले, १८७७ मध्यें पहिली गिरणी निघाली, आणि चादरीनें गांवाचें नांव दूरवर नेलें. त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादरी आणि टॉवेल विणणारे हात मात्र अजून येथें आहेत. चिमणी पडली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण गिरणीपेक्षां या हातांचें मोल अधिक आहे. त्यांस योग्य दाम, आणि त्यांच्या मुलांस या धंद्यांत राहण्याजोगें कारण मिळालें पाहिजे. त्यांच्या कसबाची, नांवांची आणि व्यवहाराची नोंदही आपणच करून ठेविली पाहिजे. तगराच्या कापडाची कीर्ति एका परक्या दर्यावर्द्याच्या चार ओळींनीं वांचविली. दर वेळीं असा कोणी येईलच, असा भरंवसा धरतां येत नाहीं.