ऊब कितीला पडत होती?



आजचा प्रश्न दिसायला अगदी हिशेबाचा आहे. पूर्वीच्या काळी घर ऊबदार ठेवायला किती खर्च यायचा? आपल्या सह्याद्रीच्या आसपास हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. थंडी पडली की गोधडी, कानटोपी, फार तर अंगणात शेकोटी. घरखर्चाच्या वहीत 'ऊब' असा रकाना आपण आखत नाही. इंग्लंडमध्ये मात्र तो रकाना शेकडो वर्षांचा आहे, आणि त्याचे कागदही शिल्लक आहेत. म्हणून आज आपण इंग्लंडचंच उदाहरण घेऊ.

सर्वांत आधी मोजणी केली ती राजाने. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत घरातल्या शेगड्यांवर कर बसला. भिंतीत बांधलेल्या दर शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. गरिबांना सूट होती. कर गोळा करणारा माणूस थेट घरात शिरून शेगड्या मोजायचा, आणि लोकांना त्याचाच फार राग होता. काही जण तर कर चुकवायला धुराडीच बुजवून टाकत. १६८९ साली हा कर रद्द झाला, पण त्याच्या याद्या राहिल्या. कोणत्या गावात कोणाचं घर किती मोठं, हे इतिहासकार आज त्यांवरून काढतात. मात्र बघा, त्या यादीत शेगडी आहे. शेगडीत जाळ होता की नाही, हे नाही. कागद उत्तर देतो, पण ज्याने प्रश्न विचारला त्याच्याच प्रश्नाचं. आपला प्रश्न वेगळा असेल तर आपल्याला सावध राहावं लागतं.

आता विसाव्या शतकाच्या तोंडाशी येऊ. त्याआधी नाणी समजून घ्या. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स. आपल्या रुपये-आणे-पैंच्या जातीचाच हिशेब. आपण १९५७ साली दशमान पद्धतीवर आलो, ते १९७१ साली आले.

सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबीचा अभ्यास १९०१ साली प्रसिद्ध केला. आईवडील आणि तीन मुलं एवढ्या कुटुंबाला नुसतं तगून राहायला आठवड्याला किती लागेल, याचा त्यांनी हिशेब मांडला: २१ शिलिंग ८ पेन्स. त्यात इंधनाचे १ शिलिंग १० पेन्स. सगळ्याचे पेन्स करा. २६० पैकी २२. म्हणजे शेकडा साडेआठ.

हा आकडा हातात ठेवा आणि नव्वद वर्षं पुढे या. १९९१ साली ब्रेंडा बोर्डमन यांनी इंधन-दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं. घर पुरेसं ऊबदार ठेवणं आणि ऊर्जेच्या बाकी गरजा यांसाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागेल, ते इंधन-दरिद्री, अशी कसोटी त्यातून रूढ झाली. आता गंमत बघा. ही कसोटी सरळ राउंट्रींच्या आकड्याला लावली, तर १९०१ सालचं ते कंगाल कुटुंब इंधनाच्या बाबतीत सुखवस्तू ठरतं! साडेआठ टक्के, म्हणजे दहाच्या आत.

हे उत्तर चुकीचं आहे, हे आपल्याला लगेच जाणवतं. पण चूक नेमकी कुठे झाली? बेरीज तर बरोबर आहे. चूक अशी, की दोन्हीकडे 'इंधनाचा खर्च' हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. राउंट्रींच्या २२ पेन्सांत एका खोलीतला एक जाळ होता. त्यावरच स्वयंपाक, त्यावरच पाणी, त्यावरच ओले कपडे वाळवायचे. उघड्या शेगडीत कोळशाच्या उष्णतेतला साधारण पाचवा-चौथा हिस्सा खोलीत यायचा, बाकी सगळी धुराड्यातून आभाळात. निजायच्या खोल्या गारच असत. १९६१ सालच्या पार्कर मॉरिस अहवालाने नव्या घरांसाठी माप सुचवलं: बसण्याच्या खोलीत सुमारे १८ अंश सेल्सियस, स्वयंपाकघरात आणि ये-जा करण्याच्या जागेत १३. म्हणजे सगळं घर ऊबदार असावं ही अपेक्षासुद्धा इतकी अलीकडची आहे. १९७२ सालीही ब्रिटनमधल्या शंभरातल्या साधारण ३७ घरांतच सेंट्रल हीटिंग होतं.

तेव्हा आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात जो प्रश्न घासून घासून विचारत असू, तोच इथे कामाला येतो: आपण तुलना करतो आहोत ती एकाच गोष्टीची का?

दुसरा पेच भावाचा. लंडनच्या लॅम्बेथ भागात मॉड पेंबर रीव्हज आणि फेबियन विमेन्स ग्रुपच्या बायकांनी १९०९ ते १९१३ या काळात कामगारांच्या घरचे आठवड्याचे जमाखर्च गोळा केले. हिशेब त्या घरच्या बायकांनीच ठेवलेले. त्यांत एका हंड्रेडवेट कोळशाला, म्हणजे सुमारे ५१ किलोला, १ शिलिंग ६ पेन्स असा आकडा येतो. टनाला ३० शिलिंग पडले. पण ज्याच्या घरी कोठार आहे आणि हातात रोकड आहे, तो उन्हाळ्यात टनाने स्वस्त कोळसा भरून ठेवतो. जिच्याकडे दोन्ही नाही, ती गरजेपुरता विकत घेते आणि जास्त पैसे मोजते. नाणं टाकून चालणाऱ्या गॅस मीटरचंही तेच. सोय गरिबाची, पण दर चढा. म्हणून '१९१० साली कोळसा काय भाव होता?' या प्रश्नाला पुढे 'कोणाला?' हा शब्द जोडल्याशिवाय उत्तरच नाही.

कधी कधी तर भावाला अर्थच उरत नाही. १९४७ च्या कडक हिवाळ्यात पैसे देऊनही कोळसा मिळत नव्हता. घरगुती कोळशावरचं रेशनिंग १९५८ पर्यंत चाललं. त्या वर्षांचा कमी खर्च हा स्वस्ताईचा पुरावा मानायचा का? नाही. तो कुडकुडण्याचा पुरावा आहे.

आणि तिसरा पेच, जो आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वहीत न आलेला खर्च. पहाटे उठून राख काढणं, शेगडी घासणं, कोळशाच्या बादल्या वर आणणं, पडद्यांवरची काजळी धुणं. हे बहुतेक घरांत बायकांनी केलं, आणि त्याची मजुरी कुठल्याही रकान्यात नाही. धुराचा खर्चही नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर काळं धुकं बसलं. त्यात घरोघरच्या शेगड्यांच्या धुराचा मोठा वाटा होता. त्या वेळी मृतांचा अंदाज सुमारे ४,००० चा होता. पुढच्या संशोधनाने तो १२,००० पर्यंत नेला. मग १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूरबंदीच्या भागात शेगडी बदलायच्या खर्चातला सात-दशांश वाटा सार्वजनिक तिजोरीतून मिळू लागला. म्हणजे जो खर्च इतकी वर्षं फुप्फुसांतून वसूल होत होता, तो पहिल्यांदा पैशांत लिहिला गेला.

मग अभ्यास करायचा कसा? जुनी रक्कम महागाईच्या निर्देशांकाने गुणून मोकळं होऊ नये. चार गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्यात: रक्कम किती, मजुरीतला तिचा हिस्सा किती, त्यातून खोलीत ऊब किती आली, आणि हिशेबाबाहेर कोणी काय सोसलं. पहिल्या दोन गोष्टी कागदात सापडतात. तिसरी शेगडीच्या बनावटीवरून काढता येते. चौथीसाठी आठवणी, पत्रं, मृत्यूच्या नोंदी वाचाव्या लागतात.

याने काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. फरक पडतो. बिलं वाढली की दर वेळी एक युक्तिवाद ऐकू येतो: आमचे आजी-आजोबा एका शेगडीवर राहिलेच ना? राहिले. पण जे राहिले नाहीत, ते सांगायला येत नाहीत. आपल्याकडेही हाच युक्तिवाद वेगळ्या कपड्यांत भेटतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हापासून सिलिंडरच्या किमतीची तुलना 'फुकट' सरपणाशी होते. ते सरपण डोक्यावरून कोणी आणलं आणि चुलीपाशी धूर कोणी गिळला, हे त्या तुलनेत विचारलं जात नाही.

तेव्हा तुमच्या घरी आजीची खर्चाची वही असेल तर ती जरूर काढा. तिच्यातले आकडे उतरवून घ्या. आणि घरात जे सगळ्यांत वयस्कर असतील त्यांना विचारा, चूल पहाटे कोण पेटवायचं. ते उत्तर आकड्यांच्या शेजारीच लिहून ठेवा.