कराची ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. जेट विमान ते दीड तासात सहज कापते. वेळापत्रकात मात्र विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो, त्यामुळे छापील आकडा थोडा मोठा दिसतो. एवढ्याशा अंतराला आज अख्खा दिवस जाऊ शकतो, आणि त्याचे कारण विमानात शोधून सापडत नाही.

या मार्गाची सुरुवात टपालापासून झाली. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेज लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणू लागली. तेथून ते मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यावे, ही योजना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाची. टाटांनी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड तळावरून पुस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान उडवले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते, रेडिओ नव्हता. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन घ्यायचे असल्याने मार्ग हजार किलोमीटरच्या वर गेला. तेथे बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले आणि डब्यांनी टाकीत ओतले गेले. ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे हे विमान दुपारी जुहूला उतरले; सगळा प्रवास सात तासांचा. पुढचे टपाल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम करून मद्रासला पोहोचवले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा या सेवेचा तळ पुण्यात येरवड्याला हलवावा लागे.

१९४७ नंतर हा मार्ग दोन देशांत विभागला गेला. विमाने वेगवान होत गेली, पण आकाश खुले असेल तरच त्या वेगाचा उपयोग. १९६५ च्या युद्धात उड्डाणे थांबली. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ या भारतीय प्रवासी विमानाचे अपहरण झाल्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडण्यास मनाई केली. ही कोंडी १९७६ पर्यंत सुटली नाही. १९८२ साली, पन्नास वर्षे झाल्यानिमित्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथमधून हाच प्रवास पुन्हा केला. पुढे भारतीय संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ ते २००४ अशी दोन वर्षे आकाश पुन्हा बंद राहिले.

एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, पण मुंबई-कराची थेट सेवा त्याआधीच थांबली होती. आता प्रवासी बहुधा दुबईमार्गे जातो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-कराची जवळपास १,२००. दोन्ही उड्डाणे मिळून पाचेक तासांची, मधल्या विमानाची वाट पाहणे वेगळे.