गादीच्या पोटातील इतिहास

आसनाला आपल्या भाषेने मोठा मान दिला आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असे आपण म्हणतो, तेव्हा कापसाने भरलेली वस्तू मनात नसते, राज्य असते. दिवाण या फारसी शब्दाची कथाही तशीच. दप्तर, मग कचेरी, पुढे तिचा कारभारी आणि भिंतीलगतची लांब बैठकही, असे त्याचे अर्थ पसरत गेले. गादीवर कोण बसले हे इतिहास सांगतो. गादीत काय भरले होते हे सहसा सांगत नाही. घरचा जुना कोच उसवावयास घेतला, म्हणजे मात्र तोच प्रश्न प्रथम उभा राहतो.

आपल्याकडे लोड-तक्क्यांत कापूस असे. उशांत सावरीचा कापूसही भरीत. त्याचा तंतू आखूड व गुळगुळीत, म्हणून सूतकताईला निरुपयोगी. पण हलका आणि मऊ. वापराने कापूस दबे, त्याच्या गुठळ्या होत. मग पिंजारी दारी येई, खोळ उसवून धनुकलीने कापूस पिंजी आणि तोच कापूस फुलून पुन्हा गादीत जाई. भरण जुने होई, पण टाकाऊ होत नसे.

युरोपातही रीत फारशी निराळी नव्हती. तेथे कोचात घोड्याचे केस भरीत. ते दबले तर धुऊन, विंचरून पुन्हा कामास येत. १८२२ साली व्हिएन्नाच्या गेऑर्ग युनिगल या कारागिराने स्प्रिंगच्या बैठकीचे पेटंट घेतले, तरी स्प्रिंगांवर केसांचा थर लागेच. खरा पालट विसाव्या शतकातला. १९२९ साली डनलॉपच्या रसायनज्ञांनी रबराचा चीक घुसळून फेसाळ गादी तयार केली. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि १९५० नंतरच्या दशकात त्याचा मऊ फोम कोचांत शिरला. स्वस्त, हलका, हवा तसा कापता येणारा! पिंजाऱ्याची धनुकली आपल्या गल्ल्यांतून मागे पडली, त्यास हेही एक कारण होय.

परंतु या सोयीची किंमत होतीच. फोम कालांतराने भुगा होतो, आणि तो पिंजता येत नाही. शिवाय तो झपाट्याने पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या वुलवर्थ दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून १० माणसे दगावली. त्यानंतर, १९८८ साली, ब्रिटनने घरगुती फर्निचरच्या ज्वलनशीलतेविषयी कडक नियम केले.

तेव्हा कोच भरताना केवळ मऊपणा पाहून भागत नाही. खाली काथ्या व वर कापूस घातला, तर बैठक जड होते, ऊन दाखवावे लागते. पण ती पुन्हा उसवता-भरता येते. फोमच घ्यावयाचा तर त्याची घनता, म्हणजे घनमीटरला किती किलो, हे विचारावे. हाताला लागणारा कठीणपणा ही निराळी गोष्ट. कठीण पण हलका फोम लवकर बसतो. आणि खोळ उघडता येईल अशीच शिवावी. दुरुस्तीला वाव ठेवणे ही जुन्या कारागिरांची रीत होती. पिंजारी दारी येत नसला, तरी ती रीत घरात ठेवणे आपल्या हाती आहे, असे आम्हांस वाटते.