परतूर ते म्युनिक : निजामाच्या परभणीतली विसरलेली वीस वर्षं



सप्टेंबर आला की मुक्तिसंग्रामाच्या पोस्ट सुरू होतात. बहुतेकांत गोष्ट १९४७ ला सुरू होते आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संपते. रझाकार, पोलीस अॅक्शन, झेंडा, जय! त्याच्या आधीची वीस वर्षं कुणी सांगतच नाही. आणि ती नाही सांगितली की सगळा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान एवढाच उरतो. माझा आक्षेप तिथं आहे.

पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं. ऑस्ट्रियाचं आणि तुर्कांचं साम्राज्य मोडलं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन म्हणाले, प्रत्येक राष्ट्राला आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया नकाशावर आले. हा हक्क युरोपपुरताच होता हे आपल्याकडच्या लोकांच्या लवकर लक्षात आलं. पण गंमत अशी की आपल्या निजामालाही तेच कळलं, वेगळ्या वाटेनं.

युद्धात मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना भरपूर पैसा आणि फौज दिली. बदल्यात 'हिज एक्झाल्टेड हायनेस' हा किताब आणि 'विश्वासू दोस्त' ही पदवी मिळाली. दोस्तच आहोत तर आमचा वऱ्हाड परत द्या, असं त्यांनी म्हटलं. १९०२ ला वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा इंग्रजांकडे गेला होता. (हिंगोली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, तिच्या पलीकडं वाशिम-पुसद म्हणजे इंग्रजी राज्य.) व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं २७ मार्च १९२६ च्या पत्रात सरळ सुनावलं की हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता फक्त ब्रिटिश राजाची, कुणा संस्थानिकानं बरोबरीच्या नात्यानं बोलू नये. पुढं १९३६ ला थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू दिलं. कारभार मात्र इंग्रजांकडंच.

दुसरा धागा तुर्कस्तानचा. मुस्तफा कमालच्या नव्या राष्ट्रवादी सरकारनं ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द केली आणि शेवटचा खलिफा अब्दुल मजीद याला देशाबाहेर काढलं. तो फ्रान्सात नीसला राहिला. त्याला महिन्याला तीनशे पौंडांची पेन्शन कोण देत होतं? आपला निजाम. १२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्येच निजामाच्या दोन मुलांची लग्नं झाली. थोरल्याचं खलिफाच्या मुलीशी, दुर्रुशेवारशी, आणि धाकट्याचं त्याच घराण्यातल्या निलोफरशी. ते साल जागतिक मंदीचं होतं. शेतमालाचे भाव पडले होते, शेतसारा भरायचाच होता.

आता भाषेचं बघा. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेत डॉक्टरी, इंजिनीअरिंग शिकवायचं धाडस तेव्हा दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं. हे मान्य करायला आपल्या जिभेला काटा टोचायचं कारण नाही. पण राज्यातली निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव मराठी, आणि उरलेल्यांत कानडी व उर्दू. म्हणजे इंग्रजाला जे राष्ट्रवादी उत्तर होतं, तेच परभणीच्या पोराला परक्या भाषेचं ओझं होतं. सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' आडवं यायचं, म्हणजे आधी सरकारची परवानगी. म्हणून संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरल्या. १९२३ ला काकिनाडा, मग मुंबई, पुणे, आणि १९३१ ला अकोला. आपल्या घराचं गाऱ्हाणं शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून सांगायची पाळी.

म्हणून मला परतूर महत्त्वाचं वाटतं. १९३७ ला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन तिथं भरलं, संस्थानाच्या आत. अध्यक्ष गोविंदराव नानल. हे आडनाव नानलपेठेमुळं प्रत्येक परभणीकराच्या तोंडात आहे, माणूस किती जणांना माहीत आहे? परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ ला जालन्यात गेलं. परभणीहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीत बसा, सेलूच्या पुढं लागतं. तेलुगूंची आंध्र महासभा होती, कानडींची कर्नाटक परिषद. राजकीय पक्ष काढता येत नव्हता, म्हणून माणसं भाषेच्या नावानं एकत्र आली.

पुढच्याच वर्षी याच भाषेच्या प्रश्नाचं दुसरं तोंड जगानं पाहिलं. सुडेटनलँडमध्ये जर्मन बोलणारे राहतात, म्हणून तो मुलूख माझा, असं हिटलर म्हणाला. ३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये इंग्लंड-फ्रान्सनं चेकांना न विचारता तो देऊन टाकला. परतूरला जमलेल्यांनी दुसऱ्याचा मुलूख मागितला नव्हता. आपल्या भाषेत शिकू द्या, आपल्या गावात बोलू द्या, एवढंच. दोन्हीला राष्ट्रवाद हाच शब्द लावतात, म्हणून तर गोंधळ होतो.

म्युनिकनंतर महिना व्हायच्या आत, २४ ऑक्टोबरला, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. तिच्यावर स्थापनेआधीच बंदी आली होती. पहिल्या तुकडीचे नेते पुन्हा गोविंदराव नानलच. तीन दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहात पोरांनी वंदे मातरम् म्हटलं. त्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं दारं उघडली. त्या पोरांत पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही वेगळा सत्याग्रह सुरू होता. दोन्ही एकच, दोन्ही जातीय, असं दाखवणं सरकारला सोयीचं होतं. ही सरमिसळ होऊ नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं दोन महिन्यांत आपला सत्याग्रह थांबवला. कार्यकर्ते तुरुंगात असताना हा निर्णय किती जड गेला असेल. आजच्या पोस्टी नेमकी तीच सरमिसळ करतात, आणि तीही नानलांचं नाव न घेता.

खलिफाचं काय झालं तेही सांगतो. तो १९४४ ला पॅरिसमध्ये वारला. त्याच्यासाठी खुलताबादला, आपल्या मराठवाड्यातच, कबरीची इमारत बांधली होती. दफन शेवटी १९५४ ला मदिनेत झालं. खुलताबादची ती इमारत रिकामीच राहिली.